गंगेकाठी राजा, चिंगी आणि मी

नाशिकला समुद्र नाही. त्यामुळे मुंबईच्या नणंदबाई फोनवर "आज पहाटे जुहूला कुत्र्याला फिरवून आणलं" असं कौतुकानं सांगू लागल्या, की मी म्हणते, "अहो वन्सं, तुमच्या चौपाटीवर जानेवारीतही घाम येतो. थंडीतलं कुत्रं फिरवणं बघायचं तर आमच्या गंगेवर या!"

गंगा म्हणजे गोदावरी. आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो. आणि थंडी म्हणाल, तर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर. शेजारच्या निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो.

राजा हा आमचा अल्सेशियन. खरं तर मुलाचा. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि राजाची साखळी माझ्या हाती आली. चिंगी कुणाचीच नव्हे. ती गल्लीच्या कोपऱ्यावरची गावठी. राजा बाहेर पडला की न बोलावता मागोमाग येते.

लग्न होऊन या गावात आले त्याला सव्वीस वर्षं झाली होती, पण काकड आरती सोडली तर पहाटे साडेपाचला मी कधी एकटी बाहेर पडले नव्हते. नदी हाकेच्या अंतरावर, तरी नाही. "एवढ्या पहाटे बाईमाणसाचं काय काम?" हा प्रश्न सासूबाईंनी विचारायच्या आधी माझा मलाच पडायचा. राजाला घेऊन निघाले आणि काय गंमत, कुणी काही विचारीचना! जणू काम त्याचं होतं, मी आपली सोबतीला. हे एकदा म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी घाईघाईनं म्हटलं, "नको, तुम्हांला सर्दी होईल." खरं कारण वेगळं होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

सराफ बाजारातून खाली उतरलं की घाट. त्या वेळी नदीतून वाफा निघत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी बंब पेटवलाय की काय! दिवसभर तापलेलं पाणी रात्री हवेइतक्या लवकर निवत नाही. मग त्या कोमट पाण्याची वाफ वरच्या गार हवेत गोठून धुकं होते. त्या धुक्यात पलीकडच्या नारोशंकराच्या देवळाचं नुसतं शिखर दिसतं. वसईच्या 1739 च्या विजयाची आठवण सांगणारी प्रसिद्ध घंटा तिथंच आहे. अलीकडे दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात सारं गाव त्याच्या अंगावरून पुराचं माप घेतं. थंडीत मात्र त्याच्या पायाशी चिंगी अंग घासून घेते. मारुतीराय रागावत नसावेत.

रामकुंडाकडे मी कुत्र्यांना नेत नाही. लोक तिथं स्नानाला आणि अस्थिविसर्जनाला येतात. कुणी बापाच्या अस्थी घेऊन उभा असताना आपलं कुत्रं मध्ये हुंगत फिरलेलं बरं दिसत नाही. पिशवीत जुनं वर्तमानपत्रही ठेवते. घाट सगळ्यांचा आहे, राजाची घाण मात्र माझी!

सासूबाईंना कुत्रं ओट्यावर आलेलंही खपत नसे. पण घाटावरच्या एकमुखी दत्ताला त्या दर गुरुवारी जात. एकदा मी हळूच म्हटलं, "दत्ताच्या पायाशी चार-चार असतात, आणि आपल्या खंडोबाजवळही एक असतंच की." त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला एक रोडगा बाजूला ठेवलेला मी पाहिला.

घाटावर धुणं आपटणाऱ्या एक आजी एकदा म्हणाल्या, "त्याला बी सेटर घाला की ओ ताई!" अल्सेशियनला अंगचीच दुहेरी लव असते, त्याला स्वेटर लागत नाही. थंडी सोसत नाही ती आखूड केसांच्या, पिलांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना. म्हणून चिंगीला मुलाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून अंगरखा केला. दोन दिवसांत तिनं तो फाडला, तो भाग वेगळा! रात्री गार फरशीवर गोणपाटाची घडी मात्र हवीच. आंघोळ आठवडाभर चुकली तरी चालेल, पण घालायची तर दुपारच्या उन्हात, आणि लगेच खसाखसा पुसून.

या थंडीनंच आमच्यावर एकदा बाका प्रसंग आणला. पारा फार उतरला की इकडचे बागाईतदार पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, विहिरीचं उबदार पाणी सोडतात, नाही तर मणी तडकतात. असेच तडकलेले, पण साखरेसारखे गोड घड दिंडोरीच्या पाहुण्यांनी पेटीभर आणले. पेटी खाली राहिली आणि राजानं दोन घड फस्त केले. आम्ही हसलो. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो पाण्यालाही तोंड लावीना.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विष. मूत्रपिंडं निकामी होतात. कुणाला चार मण्यांनी बाधतं, कुणाला मूठभरानंही नाही. आधी सांगता येत नाही. खाल्ल्याबरोबर आणायला हवं होतं." द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं अलीकडे मानतात. द्राक्षांच्या गावात राहून हे मला ठाऊक नव्हतं! तीन दिवस सलाईन चाललं. त्या तीन पहाटे मी घरातच होते. साडेपाचला जाग यायची, पण साखळीशिवाय दार उघडायला हात होईना. चौथ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "जाऊन ये गंगेवर. त्याच्यासाठी दत्ताला नारळ ठेवून ये." एकटी गेले. कुणी काही विचारलं नाही. चिंगी तेवढी मागं होती.

राजा वाचला. आता तो अकरा वर्षांचा आहे. मागचे पाय धरतात, म्हणून घाटाच्या पायऱ्या उतरत नाही. वरच्या पायरीवर गोणपाट टाकून देते, त्यावर बसून तो वाफा बघतो. मी आणि चिंगी गाडगे महाराज पुलापर्यंत जाऊन येतो. परतताना लांबूनच त्याचे कान दिसतात, आधी एक उभा राहतो, मग दुसरा.