छपरावाचून शाळा

‘शाळा’ हा शब्द आपण संस्कृतातून घेतला. मूळचा ‘शाला’ शब्द घर, दालन, छप्पर घातलेली जागा अशा अर्थाचा आहे. गोशाला, पाकशाला, यज्ञशाला, धर्मशाला या सर्वांत छप्पर गृहीतच धरलेले असते. त्याखाली काय चालते एवढेच पूर्वपद सांगते. या हिशेबाने ‘कुरणशाळा’ हा शब्द मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे, कारण कुरणाला छप्पर कोठले? तथापि हा शब्द कोणा विनोदी लेखकाने बनविलेला नव्हे. आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर तो रूढ झाला, आणि त्याच्यामागे दोन विदुषींच्या आयुष्याची पुण्याई उभी आहे.

कै. ताराबाई मोडक या शहरात शिकलेल्या पदवीधर बाई. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले आणि १९२६ साली त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ च्या अखेरीस त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथेच कै. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. माँटेसोरीबाईंची मौल्यवान साधने खेड्यात परवडण्यासारखी नव्हती. म्हणून शिंपले, गोटे, बिया, पाने आणि माती हीच साधने झाली. काही वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात जाऊन बसू लागली. ‘अंगणवाडी’ हे नाव या कामातून आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि हे नाव पुढे सर्वत्र पोहोचले. मात्र नाव पोहोचले तरी अंगण पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले, आणि अंगणवाडी पत्र्याच्या एका खोलीत भरू लागली.

१९५७ साली संस्था कोसबाडला आली. तेथे वारल्यांची मुले शाळेत येण्यास दोन अडचणी होत्या : एक तर धाकटी भावंडे सांभाळावयाची असत, आणि दुसरे म्हणजे गुरे राखावयाची असत. पहिल्या अडचणीवर शाळेला जोडून पाळणाघर काढण्यात आले. दुसरीवर उपाय असा योजिला की, जेथे गुरे चरतात तेथेच शिक्षकाने जावे. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि अंकगणित खड्यांवर चालले आहे, अशी ही कुरणशाळा. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंस १९८४ साली पद्मश्री मिळाली. परंतु माझ्या मते त्यांची खरी थोरवी त्या एका प्रश्नात आहे, जो त्यांनी उलटा करून विचारला. मूल शाळेत का येत नाही, असे सगळेच विचारतात. शाळा मुलाकडे का जात नाही, असे या दोघींनी विचारले.

हे सर्व आज लिहावयाचे कारण आमच्या घरातच घडले. चिंचणीच्या आमच्या जुन्या घरात आम्ही लहानमोठी अकरा माणसे राहतो. चिरंजीव बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत, आणि धाकटा नातू दुसरीत आहे. त्याच्या शाळेने गेल्या वर्षी लहान मुलांस दर शनिवारी सकाळी बाहेर नेण्याचा परिपाठ सुरू केला होता. शेताचा बांध, तळ्याचा काठ, सुरूची बाग, कधी समुद्र. दोन-तीन महिने हे चालले. मग एका मुलाच्या पायाला काटा रुतला, दुसऱ्यास उन्हाने ताप आला, आणि पालकांच्या सभेत हा परिपाठ बंद करावा असा आग्रह झाला. आग्रह धरणारांत आमच्या सौ. सूनबाई अग्रभागी होत्या.

त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. बोईसरच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग कशी असते, हे मी रोज पाहतो. कारखान्यांचे सांडपाणी खाडीत जाते या तक्रारीवरून मांगेला समाजाच्या परिषदेस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले आणि २०२२ साली त्याचा निर्णय झाला, हे सर्वश्रुत आहे. सूनबाई म्हणाल्या, ‘‘मामंजी, तुमच्या वेळची खाडी आता राहिली नाही. मुलाला मी त्या पाण्यात कशी पाठवू?’’ मातेच्या या प्रश्नास श्लोक म्हणून उत्तर देता येत नाही. म्हणून मी गप्प राहिलो आणि नीट विचार केला. त्या विचाराचा निष्कर्ष वाचकांपुढे ठेवीत आहे.

मी मॅट्रिक झाल्यावर शिक्षकी पेशात शिरलो आणि बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकविले. त्यांतील बरीच वर्षे बोईसरच्या पूर्वेकडील पाड्यांवर गेली. लहानपणी वडिलांनी मजकडून अमरकोश पाठ करवून घेतला होता. त्याच्या दुसऱ्या कांडातील वनौषधिवर्ग मला मुखोद्गत होता. पलाश, किंशुक, उदुंबर ही नावे जिभेवर होती; पण त्यांतील कित्येक झाडे माझ्या हाताला धरून दाखविली ती दुसरी-तिसरीतल्या वारली मुलांनी. शब्द माझ्यापाशी होता व पदार्थ त्यांच्यापाशी होता. त्या दोहोंची गाठ पडली की वर्गात जो आनंद होई, तो मला पुढे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात आढळला नाही.

एकदा एक अधिकारी शाळा तपासावयास आले. त्यांनी एका मुलास विचारले, ‘‘झाडाचे भाग किती?’’ मुलाने उलट विचारले, ‘‘कोणत्या झाडाचे?’’ साहेबांस हा उद्धटपणा वाटला. पुस्तकात मूळ, खोड, पान, फूल व फळ असे पाच भाग दिलेले होते आणि तेवढेच उत्तर त्यांस हवे होते. त्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र खरी झाडे होती. फाल्गुनात पळसाला पान नसते, नुसते फूल असते. उंबराला फळ दिसते, पण फूल काही केल्या दिसत नाही, कारण ते फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या पोटात दडलेले असते. तेव्हा ‘कोणत्या झाडाचे?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नसून शास्त्रशुद्ध होता. तपासणीच्या शेऱ्यात त्या मुलाच्या नावापुढे ‘अप्रगत’ असे लागले. तो शेरा मी आजतागायत विसरलो नाही.

यावरून माझी अशी खात्री झाली की, मुलास बाहेर नेणे ही काही करमणूक नव्हे. जर्मनीत फ्रबेल याने १८४० साली आपल्या बालशाळेस ‘मुलांची बाग’ असे नाव दिले, तेही केवळ कवित्व म्हणून नव्हे. पुस्तकातील वाक्य खरे की खोटे हे पडताळून पाहण्याचे स्थान बाहेर असते. जे मूल पडताळून पाहावयास शिकले नाही, ते पाठांतरात कितीही पुढे असले तरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहते.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो. सूनबाईंशी वाद न घालता मी पंचांग काढले. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे : तिथीला तीनांनी गुणावे व चारांनी भागावे. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. दशमीस साडेसात. पौर्णिमेस अथवा अमावास्येस सव्वा अकरा. दोन्ही पक्षांस हीच रीत लागू, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही भरत्यांसही हीच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. नातवाला गुणाकार नुकताच येऊ लागला होता. त्याने द्वितीयेची भरती काढली : दीड वाजता. मग म्हणाला, ‘‘आजोबा, म्हणजे सकाळी समुद्र लांब गेलेला असणार!’’

त्या शनिवारी द्वितीया होती. घरातली आणि शेजारची मिळून सात मुले, मी, आणि केवळ मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून निघालेल्या सूनबाई, असे आम्ही सात वाजता चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांच्या नक्षी पसरल्या होत्या, जणू कोणी पहाटे येऊन रांगोळी घालून गेले आहे. मुलांस वाटले, ही कोणा माणसाची करणी. मी काही सांगितले नाही; नुसते उकिडवे बसावयास लावले. थोडा वेळ कोणी हालले नाही, तेव्हा प्रत्येक नक्षीच्या मध्यावरील भोकातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडात घेऊ लागला, तिच्यातील अन्नाचा अंश काढून उरलेल्या वाळूची गोळी करून टाकू लागला. सात मुले अर्धा तास न बोलता बसली. ज्यांस वर्गात पाच मिनिटे स्वस्थ बसवत नाही अशी ज्यांची ख्याती, तीच ही मुले.

पाणी वळले तेव्हा नातवाने घड्याळ पाहिले आणि आमच्या रीतीत अर्ध्या तासाचा फरक पडतो हे त्याने मला दाखविले. का पडतो, असे त्याने विचारले. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, रीतीत आपण पाऊण तास धरतो, आणि प्रत्येक गावच्या किनाऱ्याचा आपला म्हणून काही फरक असतो, एवढे मी सांगितले. उरलेले त्याने वहीत रोज टिपून स्वतः शोधावयाचे आहे. पाठ केलेली रीत आणि पाहिलेले पाणी यांतील तो अर्धा तास हाच त्या दिवसाचा धडा होता.

परत येताना सूनबाई म्हणाल्या, ‘‘समुद्राचे ठीक आहे, पण खाडीकडे नको.’’ मला हे पटले, आणि आमचा तह याच अटीवर झाला. दूषित पाण्यात मुलांस उतरविणे हा निसर्गप्रेमाचा भाग नव्हे. तथापि बांधावर उभे राहून त्या पाण्याचा रंग व वास पाहणे, आणि तेथे चिखलात चालणारा निवटीसारखा मासा अजून दिसतो किंवा नाही याची नोंद ठेवणे, हेही शिक्षणच आहे. ज्या मुलाने खाडी कधी पाहिलीच नाही, ते मोठे झाल्यावर ती मेल्याचे दुःख कसे मानणार? आज कारखान्यात जाणारा आणि उद्या कारखाना चालविणारा मनुष्य हाच दुसरीतला मुलगा असावयाचा आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून सरकारने घोषित केला. परंतु नाजूक वस्तूस जपण्याची सवय काही राजपत्रातून लागत नाही.

पावसाळ्यात समुद्र वर्ज्य. तेव्हा माळावर जावे. मृगाच्या पावसाबरोबर आमच्या भागात शेवळे उगवतात. वारली बाया त्यांचे वाटे बाजारात घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळेही देतात, कारण त्यांवाचून शेवळे घशाला खाजतात. आपल्या घरांतून अळूच्या फतफत्यात चिंच घालतात त्याचे कारणही हेच : दोन्हींत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यावरील उतारा म्हणून आंबट लागते. माळावरचा हा धडा स्वयंपाकघरात आणून आजीबाईंनी पुरा करावा. एकत्र कुटुंबाचा हा मोठा लाभ आहे की, अशा धड्याचा एक शिक्षक माजघरात नेहमी हजर असतो.

ज्या घरांस हे करावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. जागा वारंवार बदलू नये. एकच बांध, एकच झाड बाराही महिने पाहावे, म्हणजे फरक दिसतो. नाव सांगण्याची घाई करू नये; मुलाने आधी पाहावे, मग विचारावे, नाव शेवटी. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे, पायांत वहाणा हव्यात, गवतात हात घालू नये, समुद्रावर घोट्यापलीकडे पाणी नको, आणि पाणी वळताच परतावे. प्रत्येकाजवळ एक लहान वही असावी, आणि तीत ऐकलेले न लिहिता पाहिलेलेच लिहावे.

शाळेतील सभा पुन्हा भरली तेव्हा सूनबाईंनी उठून सांगितले की, परिपाठ बंद करू नये. पालकांपैकी दोघांनी पाळीपाळीने बरोबर जावे. पहिली पाळी त्यांनी स्वतः पत्करली. सर्वांनी मान्य केले असे नाही. निम्म्या मुलांचे पालक अजून राजी नाहीत आणि ती मुले शनिवारी वर्गातच बसतात. तेव्हा काम अर्धेच झाले आहे. अनुताईंनी १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली होती. त्या मानाने अडुसष्टाव्या वर्षी माझ्यासारख्याने आणखी दहा घरांचे उंबरे झिजवावे, हे काही फार नाही.

वाचकांपैकी ज्यांचा समुद्राशी संबंध आहे, त्यांनी येत्या शनिवारची तिथी पंचांगात पाहून ठेवावी. द्वितीया-तृतीयेच्या सुमारास असेल, तर सकाळी आठच्या आगेमागे ओहोटी पूर्ण झालेली असेल आणि वाळू मोकळी सापडेल. नसेल तर गुणाकार मुलाकडून करवून घ्यावा.