हॉटेल संघाच्या वहीतून

कोल्हापुरातल्या हॉटेलवाल्यांची मीटिंग घ्यायची तर दुपारी साडेतीन ते पाच एवढीच फट सापडते. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळच्या रश्श्याला अजून अवकाश असतो. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. त्या दिवशी बोलावलं तर फक्त शाकाहारीवाले येतात आणि ठराव एकतर्फी होतात. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत कोणाचं नावच घ्यायचं नाही. मीटिंग पाळीपाळीने एकेकाच्या हॉटेलात होते. यजमानाने पुढ्यात ठेवलेली भजी सगळे मुकाट खातात, चवीबद्दल चकार शब्द नाही. हा नियम संघाच्या घटनेत नाही, पण घटनेतल्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त पाळला जातो.

*

संघ म्हणजे आधी कागद. १८६०च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी, वर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. दरवर्षी हिशेबाचं ऑडिट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. गावोगावच्या बऱ्याच संघटनांचं घोडं इथेच अडतं. निवडणूक होते, हारतुरे होतात, पेपरात फोटो येतो, आणि रिपोर्ट कोणी टाकत नाही. मग कधीतरी बँकेत सही बदलायला गेलं की कळतं, सरकारदरबारी जुनीच मंडळी पदाधिकारी आहेत, त्यातले काही हयातही नाहीत. अध्यक्ष व्हायला चुरस असते. सचिवपद मात्र घासाघीस न होता मिळतं.

*

वर्गणी फोनवर मागू नये. गल्ल्याशेजारी जाऊन बसावं. मालक आधी जेवायला लावतो. जेवल्यावर मागणं जड जातं, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून आमचे खजिनदार चहासुद्धा पावती फाडल्यावरच घेतात.

*

नवा सदस्य पहिल्याच मीटिंगला विचारतो : सगळ्यांनी मिळून मिसळीचा एकच दर का नाही ठरवत? ऐकायला बरं वाटतं. पण २००२च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३नुसार धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी, अगदी त्यांच्या संघटनेनेसुद्धा, एकत्र बसून भाव बांधणं बेकायदा आहे. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड ठोकलेले आहेत. गावोगावचे संघ 'उद्यापासून चहा एवढ्याला' असं पेपरातून बिनधास्त छापतात, ती गोष्ट वेगळी.

आम्ही दर ठरवत नाही, खर्च कसा काढायचा ते शिकवतो. एक तारखेला १९ किलोच्या सिलिंडरचा भाव बदलतो. तेलाचा डबा, कांदा, खोबरं, भाडं, पगार. १५ नोव्हेंबर २०१७पासून हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी आला, पण इनपुट क्रेडिट गेलं. त्यामुळे फ्रीज घेताना भरलेला कर परत मिळत नाही, तोही खर्चातच धरायचा. एवढं मांडलं की ज्याने त्याने आपापला आकडा काढावा. पुष्कळांना पहिल्यांदाच कळतं की आपली सगळ्यात खपणारी थाळी तोट्यात आहे.

*

२०१९च्या अखेरीस मटणाच्या दरावरून शहर पेटलं होतं. ग्राहक एकीकडे, विक्रेते दुसरीकडे, दुकानं बंद. हॉटेलवाला मधोमध : तोच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्यालाच कोणी विचारेना. संघ हवा कशाला, असं कोणी म्हटलं की मला ते दिवस आठवतात.

*

तेलाची गोष्ट जरा सविस्तर लिहून ठेवतो. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातले पोलर घटक वाढतात. १ जुलै २०१८पासून मर्यादा २५ टक्के. त्यावर गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. मोजायचं मीटर मिळतं, पण एकट्याने घ्यायला महाग. संघाने एक घेतलं आणि ते हॉटेलांतून फिरतं. तळण थांबवायचं, बुडबुडे विझू द्यायचे, मग मीटरची दांडी गरम तेलात बुडवून हळूहळू ढवळायची. आकडा चढत चढत एका जागी थांबतो. एका सदस्याच्या कढईशी उभा होतो तेव्हा तो थांबला अठ्ठावीसवर. वडे तळणारा वस्ताद म्हणाला, "रंग बघा की, सोन्यासारखा हाय." रंग खरोखरच चांगला होता. रंगावरून कळत असतं तर मीटर कशाला लागलं असतं? मालकाने गॅस बंद केला, पण कढई ओतून टाकायला त्याचा हात उठेना.

पूर्वी असलं तेल डब्याने एखाद्या गाड्यावर स्वस्तात जायचं आणि पुन्हा माणसाच्याच पोटात. आता बायोडिझेलवाल्यांसाठी गोळा करणारा येतो, पण एका हॉटेलच्या पाच लिटरसाठी तो गाडी वळवत नाही. पूर्ण रस्त्याचं मिळून जमलं तरच येतो. संघाचा उपयोग म्हणजे हा.

*

आगीचंही तसंच. २९ डिसेंबर २०१७ला मुंबईत कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले आणि राज्यभर तपासणीची लाट आली. लाट ओसरते, फॉर्म बी राहतो : आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैला, परवानाधारक एजन्सीकडून. एजन्सीला एका गल्लीत एकाच दिवशी सगळीकडे फिरवलं तर स्वस्त पडतं. शिवाय शेजाऱ्यांसमोर मागच्या दारात रचलेली क्रेट हलवावीच लागतात.

*

संघात तीन आळ्या आहेत : परमिट रूम, शुद्ध शाकाहारी, आणि खानावळ-मिसळवाले. १४ जुलै २०२५ला मुंबईच्या 'आहार' या हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने राज्यभर बार बंदची हाक होती. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५वरून १० टक्के, परवाना शुल्कात १५ टक्के वाढ, वर उत्पादन शुल्काचा बोजा. मिसळवाले म्हणाले, आमचा काय संबंध? परमिट रूमवाले म्हणाले, तुमच्या फूटपाथच्या भांडणात आम्ही महापालिकेत आलो होतो की नाही? शेवटी ठरलं : ज्यांचा प्रश्न त्यांनी बंद ठेवावं, निवेदनावर मात्र सही सगळ्यांची. सगळ्यांनी सगळ्यात उतरायचं ठरवलं की कोणीच कशात उतरत नाही.

*

डिलिव्हरी ॲप. २०१९च्या ऑगस्टमध्ये गुरुग्रामपासून ॲपच्या सवलतींविरुद्ध हॉटेलवाल्यांची 'लॉगआउट' मोहीम सुरू झाली, एप्रिल २०२२मध्ये एनआरएआय या रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने डिलिव्हरी ॲपच्या चौकशीचा आदेश दिला. ती लढाई दिल्लीत. इथे लढाई साधी आहे : कमिशन, जाहिरातीचे पैसे, सवलतीतला आपला वाटा, हे सगळं वजा करून हातात काय राहतं ते बघणे. महिन्याचं स्टेटमेंट वाचायला बसवणारी एक दुपार भाषणांपेक्षा जास्त कामाला आली. काहीजण ॲपवरून उतरले, काहींनी पार्सलमध्ये स्वतःचा फोन नंबर टाकला, बाकीचे आहेत तिथेच आहेत, पण आता डोळे उघडे ठेवून.

*

व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्वद टक्के शुभ सकाळ. उरलेल्या दहा टक्क्यांत धंदा वाचतो. "सैन्यातून बोलतोय, पंचवीस थाळ्या बांधून ठेवा, पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करा" असा फोन एकाला आला की पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ही ओळ ग्रुपवर वर पिन केली आहे.

*

माणूस पळवणं हे आमच्यातलं मोठं पाप. आचाऱ्याने उचल घेतलेली असते. नवा मालक हजार रुपये जास्त देतो आणि जुन्याचे पैसे बुडतात. संकेत असा पाडला : दुसऱ्याचा माणूस दारात आला तर आधी जुन्या मालकाला फोन करायचा, उचल किती ते विचारायचं. माणसाला अडवायचं नाही. तो कुठे जाईल तो त्याचा हक्क. भाकरीवाल्या मावशींना मात्र हा नियम लागू नाही. चांगल्या भाकरीवाल्या मावशी स्वतःच मालक निवडतात.

*

ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, उपसा केंद्रं बुडाली, नळ कोरडे पडले. छावण्यांना जेवण हवं होतं. एकाकडे तांदूळ होता, एकाकडे सिलिंडर, एकाकडे आचारी अडकलेले. कोणाकडे केवढं पातेलं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर वहीत एक पान केलं : पातेली, शेगड्या, पाण्याच्या टाक्या, कोणाचं हॉटेल उंचावर. जुलै २०२१ला पाणी पुन्हा चढलं तेव्हा भाषण न करता कामं वाटली गेली.

*

'तांबडा-पांढरा महोत्सव' भरवायची सूचना दर दोन-तीन वर्षांनी येते. अस्सल कोणाचा, या मुद्द्यावर बारगळते. बारगळलेलीच बरी.

*

नव्या सदस्याच्या अर्जावर दोन सूचक लागतात, त्यातला एक त्याच्याच रस्त्यावरचा हवा. म्हणजे ज्याचं गिऱ्हाईक तो तोडणार, त्याचीच सही. परवा एक तरुण अर्ज घेऊन समोरच्या खानावळीत गेला. काकांनी चष्मा पुसून अर्ज नीट वाचला, परवान्याची मुदत बघितली, ग्रीस ट्रॅप बसवलाय का विचारलं, गटार कुठे तुंबतं ते दाखवलं, आणि सही केली. मग म्हणाले, "गॅस संपला तर रात्री-अपरात्री हाक मार. पांढऱ्या रश्श्याचं मात्र विचारायचं न्हाई."