वेटिंग चार्ज

पुण्यात रिक्षात बसून सिग्नलला अडकलात की एक गोष्ट हमखास होते. रिक्षा जागची हलत नाही, मीटर मात्र टुकटुक करत पुढे सरकतो. आपण मनातल्या मनात चार शिव्या घालतो. पण हिशोब अगदी साधा आहे. चाकं थांबली तरी माणूस कामावरच असतो, म्हणून त्याला वेटिंगचे पैसे.

आता अशी एक रिक्षा डोळ्यासमोर आणा, जिच्या मीटरला वेटिंगच नाही. गिऱ्हाईकाने "जरा थांबा हं, आलोच" म्हणावं आणि चार तासांनी उगवावं. मीटर तिथल्या तिथे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकिंग कंपनीचा लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बरेचदा असल्याच मीटरवर नोकरी करतो.

मला ट्रकचं वेड वगैरे अजिबात नाही. (इंजिनियरिंगची डिग्री असूनही बॉनेटखाली काय काय असतं ते मला आजही धड सांगता येणार नाही :-) ) पण गेली दोन वर्षं आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात मुक्काम आहे आणि इथे ट्रकपासून सुटका नाही. बेन्टनव्हिलला वॉलमार्टचं मुख्यालय, लोवेलला जे. बी. हंटचं, स्प्रिंगडेलला टायसनचं. आपली आयटीवाली मंडळीही इथे भरपूर. माझा क्लायंट या तिघांपैकी कोणी नाही, पण काम त्याच जगातलं आहे. कोणता ट्रक किती वाजता गोदामाच्या कुठल्या डॉकला लागणार, त्याचं वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक ट्रकमागे चार वेळा नोंदवल्या जातात. गेटवर आला, डॉकला लागला, माल चढवून किंवा उतरवून झाला, गेटबाहेर पडला. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतलं अंतर म्हणजे 'ड्वेल टाइम'.

हा आकडा रोज डोळ्यांखालून जातो. एक दिवस सहज प्रश्न पडला, की या वेळेचे पैसे नक्की कोण देतं? उत्तर शोधायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले.

तर आधी पगार. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बहुतेक कंपन्या मैलावर पैसे देतात. सोयीसाठी ५० सेंट मैल धरू. एका दिवशी तासभर गाडीची तपासणी आणि डिझेल, मग १० तास ड्रायव्हिंग, सरासरी ५५ चा वेग. म्हणजे ५५० मैल, २७५ डॉलर, ११ तास. तासाला २५ डॉलर, काही वाईट नाही. दुसऱ्या दिवशी तीच तपासणी, पण गोदामात ५ तास ताटकळणं, मग ८ तास ड्रायव्हिंग. ४४० मैल, २२० डॉलर, १४ तास. तासाला पावणेसोळा. गडी तीन तास जास्त राबला आणि ५५ डॉलर कमी घेऊन झोपायला गेला. झोपायला म्हणजे सीटच्या मागच्या फळीवर. घर दोन-तीन आठवड्यांनी.

गोदामात थांबण्याचे काहीच मिळत नाही असं नाही. पहिले दोन तास फुकट हा रिवाज आहे. त्यानंतर ट्रकिंग कंपनी गिऱ्हाईकाला 'डिटेन्शन' लावू शकते. पण मोठं गिऱ्हाईक दुखावायचं कोणी, हा प्रश्न असतो. आणि लावलं, मिळालं, तरी त्यातलं ड्रायव्हरपर्यंत किती झिरपतं हे कंपनीवर अवलंबून.

आता दुसरं घड्याळ बघा. ड्रायव्हरने किती वेळ गाडी चालवावी याचा फेडरल कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. सलग १० तास विश्रांती झाली की पुढे १४ तासांची मुदत सुरू होते. त्यात जास्तीत जास्त ११ तास स्टिअरिंगवर. १४ तास संपले की गाडी हाकायची नाही, ११ पैकी कितीही शिल्लक असोत. गंमत अशी, की गोदामाच्या दारात उभं राहिलात तरी हे १४ तासांचं घड्याळ चालूच. (२०२० मध्ये थोडी सवलत मिळाली. विश्रांतीचे दोन तुकडे ठराविक पद्धतीने केले तर मधलं थांबणं १४ तासांत धरत नाहीत. पण त्यासाठी थांबणं किती लांबणार हे आधी कळायला हवं, आणि गोदामात तेच कोणी सांगत नाही.)

म्हणजे पगाराचं मीटर चाक फिरलं तरच पळतं आणि कायद्याचं घड्याळ चाक थांबलं तरी पळतं. ड्रायव्हर या दोघांच्या मधे. गोदामवाल्याने पाच तास खाल्ले तर ते दोन्हीकडून ड्रायव्हरच्याच खात्यातून जातात. मग उरलेल्या वेळात तो काय करेल? गाडी जरा जास्त दामटेल. हा माझा तर्क नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला, त्यातला अंदाज असा की सरासरी ड्वेल टाइम १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांचं डिटेन्शनमुळे होणारं नुकसान त्यांनी वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलर धरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत ओव्हरटाइमचा कायदा आहे ना? आहे. १९३८ चा. आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट. पण राज्याराज्यांतून माल नेणारे ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळलेले आहेत. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने त्यांचे कामाचे तास आधीच सरकारच्या अखत्यारीत आणले होते, मग ओव्हरटाइम कशाला, असा विचार. ही सूट काढून टाकणारं विधेयक २०२२ मध्ये आलं आणि तसंच विरून गेलं. राहता राहिलं किमान वेतन. तिथे आठवड्याची एकूण कमाई भागिले एकूण तास हा आकडा ७.२५ डॉलरच्या वर गेला की फेडरल कायदा सहसा खूश. थांबलेल्या तासांचे वेगळे पैसे द्या असं तो म्हणत नाही.

हे पहिल्यापासून असंच होतं का? नाही. १९८० पर्यंत मालवाहतुकीचे दर आणि मार्ग सरकारी नियंत्रणात होते आणि टीमस्टर्स युनियन जबरदस्त ताकदवान होती. १९८० मध्ये कार्टर यांच्या काळात नियंत्रण उठलं. स्पर्धा वाढली, भाडी उतरली, ग्राहकाचा फायदा झाला, आणि पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या धंद्यातून युनियन जवळजवळ हद्दपार झाली. मायकेल बेल्झर नावाचा एक अर्थतज्ज्ञ आहे, स्वतः आधी ट्रक चालवलेला. त्याने २००० साली या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स'. नावातच सगळं आलं.

मागच्या थँक्सगिव्हिंगला आम्ही आय-४० ने पश्चिमेला निघालो होतो. ओक्लाहोमात एका ट्रक स्टॉपवर चक्क पंजाबी ढाबा. (अमेरिकेत पंजाबी ड्रायव्हर इतके आहेत की या हायवेंवर आता असे ढाबे झालेत.) शेजारच्या टेबलवर साठीचे एक सरदारजी दाल-रोटी खात होते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यातही डॉकच्या सॉफ्टवेअरवाला म्हटल्यावर ते हसायला लागले. "अच्छा, तो वो स्क्रीन तुम्हारी है!" आधी तीन वर्षं ते एका मोठ्या कंपनीत होते. मी विचारलं, "अंकल, वेटिंग का पैसा मिलता था?"

"बेटा, टायर घूमे तो पैसा. टायर रुका तो टाइम भी मुफ्त, ड्रायव्हर भी मुफ्त."

पैशांपेक्षा त्यांचा राग झोपेवर होता. सकाळी आठची अपॉइंटमेंट, माल भरून होणार दुपारी तीनला. दिवसभर 'आता बोलावतील, मग बोलावतील' म्हणून डोळा लावायचा नाही, आणि संध्याकाळी डिस्पॅचर सांगणार की उद्या पहाटे टेनेसीत पोचायचंय. कागदावर सगळं नियमात. "उन तीन सालों में कितनी रातें घर सोया, लॉगबुक देख के बता सकता हूं. बीवी से पूछने की जरूरत नहीं." आता ते भाच्याच्या छोट्या कंपनीत आहेत. त्या दिवशी रजेवरच्या कोणाच्या जागी निघाले होते, नाहीतर रोज जवळच्या फेऱ्या, पगार तासावर, रात्री घरी. मैलाच्या हिशोबाने कमावले असते त्यापेक्षा थोडं कमीच मिळतं म्हणाले, पण आवाजात तक्रार नव्हती.

असे लोक सोडून जातात, म्हणून मोठ्या कंपन्यांची कायमची ओरड असते की ड्रायव्हर मिळत नाहीत. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स या मालकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ८०,००० ड्रायव्हर कमी आहेत असं सांगितलं. पण याच संघटनेच्या आकड्यांत पूर्ण ट्रकभर माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा टर्नओव्हर वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहिलाय. आपल्याकडे ॲट्रिशन २५ टक्के झालं की एचआर पिझ्झा पार्टी आणि टाउनहॉल लावतं! ९० टक्के म्हणजे शंभरातले नव्वद जातात असं नाही. बरेच जण टिकतात, आणि काही खुर्च्यांवर वर्षात दोन-तीन माणसं बदलतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्युरोच्या मासिकात दोन अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की ड्रायव्हरांचा बाजार इतर कष्टाच्या कामांसारखाच चालतो, पगार वाढवला तर माणसं येतात. म्हणजे टंचाई माणसांची नाही. त्या पगारात ते आयुष्य जगायला तयार असणाऱ्या माणसांची आहे.

मग नव्याने येणाऱ्यांना कसं वागवतात? त्याचं एक उदाहरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, 'न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा'. या ड्रायव्हरच्या म्हणण्यानुसार प्रशिक्षणाचे पहिले १०,००० मैल पगाराविना, पुढचे ३०,००० मैल उमेदवारी म्हणून तासाला साधारण ४ डॉलर, आणि नंतर 'तू नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस'. ट्रक भाड्याने घ्यायचा, हप्ता कमाईतून कापला जायचा. कंपनीचं म्हणणं होतं की करारात लवादाचं कलम आहे, तेव्हा कोर्टात येऊच नका. जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने ८-० ने निकाल दिला, की १९२५ च्या लवाद कायद्यातली वाहतूक कामगारांची सूट अशा कंत्राटदारांनाही लागू आहे. दार उघडलं, बस इतकंच. पण तेही सुप्रीम कोर्टाकडून उघडून घ्यावं लागलं.

आता आपल्या प्रांतातली गोष्ट. पूर्वी ड्रायव्हर कागदी लॉगबुक भरत, आणि थांबलेले तास त्यात बरेचदा 'विश्रांती' होऊन जात. १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये ईएलडी सक्तीचं झालं, म्हणजे थेट इंजिनाला जोडलेला डबा. गाडी केव्हा हलली, केव्हा थांबली, सगळं आपोआप नोंदतो. थापा बंद. नंतरच्या संशोधनात दिसलं की तासांचे नियम मोडणं खरोखर कमी झालं, पण अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि छोट्या कंपन्यांच्या ट्रकांचं वेग मोडणं उलट वाढलं. सरळ आहे. दोन घड्याळांपैकी एक आपण सॉफ्टवेअरने घट्ट केलं आणि दुसऱ्याला हातही लावला नाही.

मला हे सगळ्यात जास्त खुपतं. ड्रायव्हर किती वेळ थांबला हे मोजणं अवघड आहे, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. ट्रकमधल्या डब्याला ते मिनिटागणिक माहीत आहे, आमच्या गोदामाच्या सर्व्हरलाही. मोजमाप शंभर टक्के आहे, फक्त ते पगाराच्या स्लिपला जोडलेलं नाही.

आणि जोडता येतं, हेही दिसलंय. कॅलिफोर्नियात नगावर किंवा मैलावर काम करणाऱ्यांना इतर वेळेचे वेगळे पैसे द्या असा कायदा २०१६ पासून आहे. त्याच वर्षी तिथल्या ज्यूरीने वॉलमार्टच्या स्वतःच्या ताफ्यातल्या ड्रायव्हरांना तपासणी, विश्रांती आणि मुक्कामाच्या वेळेसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त द्यायला सांगितले. अपील कोर्टाने २०२० मध्ये ते कायम केलं. यामुळे ट्रकिंगचा धंदा काही बंद पडला नाही.

आपण बेंचवर असलो तरी पगार मिळतो. कंपनी प्रेमळ असते म्हणून नाही, तसं ठरलेलं असतं म्हणून. आणि पगार द्यावा लागतो म्हणूनच कंपनी आपल्याला जास्त दिवस बेंचवर बसू देत नाही. थांबण्याला किंमत लावली की थांबवणारा घाई करतो. गोदामाला ड्रायव्हरचा वेळ फुकट आहे तोवर तो डॉकबाहेर रांगेत उभाच राहणार, माझं शेड्यूलिंग कितीही हुशार असलं तरी.

आमच्या टेबलमध्ये ट्रकचा नंबर कंपल्सरी आहे, ट्रेलरचा आहे, डॉकचा आहे, चारही टाइमस्टॅम्प कंपल्सरी आहेत. ड्रायव्हर नावाचाही एक कॉलम आहे. तो ऑप्शनल आहे. बहुतेक ओळींत तो रिकामाच असतो.

असो. उद्या सोमवार.