जामिनाचा पैसा कुठून आला?

मंडळी, परवा पारावर विषय निघाला. २०२५ मध्ये तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण उघड झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात असलं बोलणं होतंच. एकजण म्हणाला, "ड्रग्जवाल्यानं जामिनाला रोख भरली, तर कोर्टानं आधी विचारावं, पैसा आणला कुठून?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. घरी आल्यावर मात्र एक जुनी गोष्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या पोराला भांडणात अटक झाली. १५ हजारांचा जामीन. आई आपल्या तेरखेड्यातच फटाक्याच्या कारखान्यात रोजंदारीवर. मला म्हणाली, "भाऊ, तुमच्याबिगर कोण उभं राहणार?" गेलो. सातबारा काढला, तर त्यावर सोसायटीचा बोजा. ऐपतीचा दाखला आणा, रेशनकार्ड आणा, आधी कुणाला जामीन राहिलात का ते लिहून द्या. शेवटी वकील म्हणाले, रोख भरायची परवानगी मागू. माउलीनं दोन शेळ्या विकल्या, तिच्या भावानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल आणली, उरलेले बचत गटाच्या बायांनी दिले. पोरगं ११ व्या दिवशी घरी आलं.

आता सांगा, त्या दिवशी कुणी "पैसा कुठला?" म्हणून कागद मागितला असता तर? दारात आलेल्या खाटकाला विकलेल्या शेळीची पावती कोण देतं? उचलीचा हिशेब तर मुकादमाच्या वहीत. पैसा घामाचा, पण पुरावा शून्य. आणि ड्रग्जवाला? त्याचा सीए दोन दिवसांत फाईल तयार करून देईल.

तरी प्रश्न चुकीचा नाही. अमेरिकेत १९६६ च्या नेबिया खटल्यापासून रोख जामीन भरणाऱ्याला न्यायाधीश हे विचारू शकतात. कारण साधं आहे. आरोपी तारखेला परत यावा म्हणून जामीन असतो. आईच्या शेळ्या अडकल्या असतील तर पोरगं परत येतं. टोळीच्या मालकाचे १० लाख बुडाले तर आरोपीचं काय जातं?

पण आपल्याकडे नियमाचा काच कुणाला बसतो, तेही बघा. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सुप्रीम कोर्टानं जामीन दिला. खाली मॅजिस्ट्रेटनं १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. त्याला आता ४५ वर्षं उलटून गेली, आपण अजून सातबारा घेऊन पळतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विचारा, पण रक्कम मोठी असेल, गुन्हा टोळीचा किंवा ड्रग्जचा असेल आणि सरकारी वकिलानं संशयाचं कारण दाखवलं असेल, तेव्हाच. १५-२० हजारांसाठी धडपडणाऱ्या आईला नको.

जाता जाता कामाची गोष्ट. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत असलेल्या गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची मदत योजना आहे. ड्रग्ज, मनी लाँडरिंगसारखे गुन्हे त्यात बसत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. आम्हाला तेव्हा अशी वाट माहीत असती, तर शेळ्या विकण्याआधी तिथं विचारलं असतं.

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणानं लिहा.