तापलेला स्लॅब आणि सरकारी अनुदान

घरगुती वीजबचतीसाठी केंद्र सरकारची घरोघरी पोचलेली मोठी योजना म्हणजे उजाला. ५ जानेवारी २०१५ रोजी ती सुरू झाली. तीत थेट अनुदान नव्हते. ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केल्याने एलईडी बल्बची किंमत उतरली. ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड ९ वॅटमध्ये मिळू लागला. प्रस्तुत लेखकाच्या वर्ध्यातील घरी या बदलाने हिवाळ्यातले बिल लगेच कमी झाले. उन्हाळ्यातले मात्र जेमतेम.

याचे कारण छतात आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतो, त्यामुळे कूलर पहाटेपर्यंत बंद करता येत नाही. कवेलूच्या घरांना हा त्रास कमी होता.

फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. राष्ट्रीय पोर्टलवर वीजग्राहक क्रमांकासह अर्ज, नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, भारतीय बनावटीचे पॅनल, नेट मीटर आणि शेवटी बँक खात्यात अनुदान असा क्रम असतो. पैसा आधी घरच्यांनाच उभा करावा लागतो. लेखकाच्या कुटुंबाने त्यासाठी बँकेचे कर्ज घेतले. उन्हाळी बिल खरोखर उतरले. शिवाय पॅनलच्या सावलीतला स्लॅब कमी तापू लागला आणि खालची खोली रात्री झोपण्याजोगी झाली. हा लाभ योजनेच्या कागदपत्रांत कुठे नव्हता, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तोच सर्वांत मोलाचा वाटला. उरलेल्या गच्चीवर मग ऊन परतवण्यासाठी चुना आणि पांढऱ्या सिमेंटचे दोन हात दिले.

जुन्या घराचे छत थंड करण्यासाठी मात्र उजाला किंवा सूर्यघरसारखी देशव्यापी योजना नाही. घरांतील ऊर्जाबचतीसाठीची २०१८ची इको-निवास संहिता भिंती आणि छतातून येणाऱ्या उष्णतेचा विचार करते, पण नव्या इमारतींपुरताच. अमेरिकेत गरिबांच्या घरांना उष्णतारोधक थर देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७६पासून चालू आहे. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. वर्ध्याजवळ तर माती, बांबू आणि कवेलूची सेवाग्रामची बापूकुटी १९३०च्या दशकापासून उभी आहे, आणि दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्थानिक साहित्यातून स्वस्त घरे बांधण्याची तंत्रे विकसित केली आहेत. हे ज्ञान सरकारी घरकुलाच्या आराखड्यात यायला हवे. केंद्राच्या योजनेत सपाट प्रदेशात ग्रामीण घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात भिंती आणि छत उभे करता करताच हात आखडतो. शिवाय छत थंड ठेवणारा चुन्याचा थर पावसाने धुपतो, म्हणून तो दर उन्हाळ्याआधी नव्याने द्यावा लागतो, आणि तो खर्च आज घरमालकाचाच असतो.