बांजच्या पायथ्याशी

केदारनाथ उरकून बद्रीनाथकडे निघालेल्या मराठी यात्रेकरूंना उखीमठ-गोपेश्वर रस्ता चांगला ठाऊक असतो. चोपत्याला गाडी थांबते, चहा होतो, तुंगनाथकडे तोंड करून फोटो निघतात. पुढे मंडलपर्यंत नुसती वळणं आणि उतार. बहुतेकांचा डोळा इथेच लागतो, आणि हिमालयातलं ओकचं एक अख्खं जंगल झोपेत मागे पडतं. सह्याद्रीत ओक नैसर्गिकरीत्या उगवतच नाही, त्यामुळे काय हुकलं याची चुटपुटही लागत नाही.

मंडल दीड हजार मीटरच्या आसपास, चोपता 2,700च्या जवळ. एवढ्या उतारावर ओकच्या तीन जाती एकीपाठोपाठ एक अशा भेटतात: खाली बांज, मध्ये मोरू, वर खरसू. शेंड्यांकडे पाहून त्या ओळखणं नवख्याला अवघड जातं. त्यापेक्षा पायाखाली पाहावं. बांजखाली किलमोडा असतो, म्हणजे दारुहळदीचं कुळ; शिवाय काटेरी हिसालू आणि घिंगारू. ओलसर घळीत पावसाळ्यात पांढरी फुलं उभी राहतात ती कपूरकाचरीची. ही सोनटक्क्याची सख्खी भावकी, आणि दिवाळीच्या उटण्यात पडतो तो हिचाच सुकवलेला कंद. तगरही याच सावलीतली. कारवीच्या कुळातली झुडपंसुद्धा इथे दिसतात, म्हणजे सह्याद्रीचा माणूस अगदीच परक्या मुलखात नसतो.

वर चढताना दर शंभर मीटरला हवा साधारण अर्ध्या अंशाने गार होत जाते. काटेरी मंडळी मागे राहतात. रिंगाळ हा बोटभर जाडीचा बांबू दाटू लागतो; त्याच्या टोपल्या आणि सुपं विणणारी घरं गढवालात अजून आहेत. खरसूच्या पट्ट्यात खोडांवर शेवाळाची जाड साल चढलेली असते, खाली नेचे, आणि कुठे कुठे सतुआ: एकाच देठावर पानांचं एक चक्र आणि मधोमध हिरवट फूल. या रोपाची वाढ फार सावकाश होते, आणि औषधी कंदासाठी ते चोरून उपटलं जातं. बर्फाचे महिने वजा केले तर इथल्या रोपांच्या हाती वाढायला थोडेच दिवस उरतात.

पण उंचीने ठरवलेला हा क्रम माणूस मोडतो. गढवाली घराला बांजचा पाला गुरांसाठी लागतो, वाळक्या फांद्या चुलीसाठी आणि पाचोळा गोठ्यात अंथरायला. त्याचंच पुढे खत होऊन शेतात जातं. कोकणात राबासाठी ऐन-किंजळ सवळून खुरटी होतात, तसाच गावाजवळचा बांज वर्षानुवर्षांच्या छाटणीने खुंटासारखा होतो. छत विरळ झालं की ऊन थेट जमिनीवर येतं, पाचोळा उचलला गेल्याने माती लवकर सुकते, आणि नेचे-शेवाळ हटतात. गुरं कोवळं ते खातात, काटेरी ते सोडतात. म्हणून किलमोडा आणि घिंगारू माजतात. रस्त्याकडेच्या उघड्या उतारांवर मूळची मेक्सिकोची काला बांसा ही पांढऱ्या फुलांची झाडी घुसते.

इथे एक गंमत आहे, आणि ती अभ्यासकांनाही चकवू शकते. मध्यम छाटणी झालेल्या जंगलात झुडपांच्या आणि गवतांच्या जाती मोजल्या, तर कित्येकदा त्या गर्द जंगलापेक्षा जास्त भरतात. उन्हाने नव्या पाहुण्यांना दार उघडलेलं असतं. पण हे पाहुणे कुठल्याही माळावर सापडतात. सतुआला मात्र दुसरं घर नाही. तेव्हा जातींची नुसती संख्या सांगून जंगल सुधारलं म्हणणाऱ्याने त्या जातींची नावंही वाचून दाखवावीत.

विळ्याला खलनायक ठरवणंही सोपं आहे, आणि चुकीचं. मंडलच्याच लोकांनी एप्रिल 1973मध्ये खेळाच्या सामानासाठी तोडायला दिलेली अंगूची झाडं वाचवली. चिपकोच्या सुरुवातीच्या लढ्यांत या घटनेचं नाव घेतलं जातं. त्याच अंगूचं लाकूड अवजारांसाठी मागितलं तेव्हा गावकऱ्यांना नकार मिळाला होता. त्याआधी, इंग्रजांनी जंगलं राखीव केल्यावर 1921मध्ये कुमाऊं पेटलं, आणि त्या असंतोषातून 1931चे वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. चांगल्या चालणाऱ्या पंचायती पाला तोडायचे दिवस ठरवतात, जंगलाचा एखादा भाग बंद ठेवतात, चौकीदार नेमतात, दंड करतात. असा बंद भाग काही वर्षं टिकला की बांजची रोपं पुन्हा दिसू लागतात.

खरसूचं दुखणं निराळं आहे. त्याचं बी ऐन पावसाळ्यात पिकतं आणि पडल्यावर लगेच रुजतं. साठवून ठेवण्याजोगं ते नसतंच. नेमक्या त्याच महिन्यांत गुरं-म्हशी वरच्या छानींत, म्हणजे हंगामी गोठ्यांत, आलेल्या असतात. कोंब खुरांखाली जातात. म्हातारी झाडं दिमाखात उभी असतात आणि खाली त्यांची पोरं नसतात. शिवाय छाटलेली फांदीही इथे थंडीमुळे खालच्यापेक्षा सावकाश भरून येते, म्हणजे बांजला सोसवते तेवढी छाटणी खरसूला सोसवणार नाही.

खालचे नियम वर जसेच्या तसे चालवण्यात म्हणून अर्थ नाही. खरसूची बरीचशी जंगलं पंचायतींच्या हद्दीबाहेर, राखीव वनांत किंवा 1972मध्ये झालेल्या केदारनाथ अभयारण्यात येतात. तिथे वनखातं आणि छानीवाले यांनी एकत्र बसून जुलै ते सप्टेंबर काही तुकडे आळीपाळीने गुरांना बंद ठेवायला हवेत. तेही एका वर्षासाठी नव्हे, रोपं गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत.