शिडाची शिवण

‘महासागरातील शिडाच्या सफरींवर लिहा,’ असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात कापडाची परीक्षा करण्यात उमर घालविलेल्या मला मुळीच नवल वाटले नाही. कारण शीड हे अखेर कापडच, आणि १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती येताच शिवाजी महाराजांनी याच खाडीकाठी जहाजबांधणीस प्रारंभ केला, ही आमच्या गावची मिरास आहे.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दिलना के. व रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. न्यूझीलंडचे लिटल्टन बंदर सोडल्यावर त्या पॅसिफिकमधील ‘पॉइंट नीमो’वरून गेल्या, जेथून निकटतम भूमी सुमारे २,६८८ किलोमीटर दूर आहे. लोकांनी कौतुक केले ते लाटांच्या उंचीचे. मला मात्र त्या साऱ्या महिन्यांत शिडाच्या शिवणींची चिंता लागली होती.

शीड तुफानाने फाटते, ही समजूत मी किती वेळा खोडून काढली असेल! पॉलिएस्टरचा ताणा-बाणा अत्यंत दाट विणून, उष्णतेने आकसवून, त्यावर राळेचा लेप दिला की कापड इतके कठीण होते की शिवणीचा दोरा त्यात रुतत नाही, पृष्ठावर उघडा राहतो. म्हणून ऊन आणि डोलकाठीच्या आडव्या दांड्यांचे घर्षण प्रथम त्यालाच खाते, आणि दोष मात्र बिचाऱ्या कापडाच्या माथी येतो. दोरा नागमोडी घालावयाचा तो एवढ्याचसाठी की ताणाबरोबर त्याने थोडे लांबावे. हे विवेचन लांबले खरे, पण येथे कसर ठेवणे मला अपराध वाटतो.

माझे एक स्नेही टोंगाहून फिजीकडे शिडाच्या होडीने गेले. पॅसिफिकच्या द्वीपवासीयांनी केवड्याच्या कुळातील पानांची शिडे विणून जी जलराशी ओलांडली, तीच ही. इतर ढग वाऱ्याबरोबर सरकत असता एकच ढग जागचा हलत नाही, आणि त्याखाली बेट असते, हे माझ्या स्नेह्यांनी पहाटे स्वतः पाहिले. ते सांगताना त्यांचा आवाज दाटून आला. त्याच सफरीत, साध्या वाऱ्यात, त्यांचे शीड उभे उकलले.

ते शीड दोन वर्षांपूर्वी मीच तपासून निर्धोक ठरविले होते. दस्तुराप्रमाणे मधल्या कापडाची पट्टी यंत्रावर ओढली. आकडा अव्वल आला. आता भिंगाखाली पाहतो तो कापड शाबूत, सुईची छिद्रे लांबटलेली, आणि दोरा नखाने खरवडताच त्याची पूड होते. शिवणीची पट्टी मी त्या वेळी का कापली नाही? शीड बिघडेल म्हणून, असे कारण माझ्याजवळ आहे. मला ते पुरेसे वाटत नाही.

स्नेह्यांनी शिवणी उसवून पुन्हा घालून घेतल्या आहेत. परवा ते शीड घरी अंथरले, आणि संपूर्ण दोन दिवस गुडघ्यांवर बसून प्रत्येक शिवणीवरून मी बोट फिरविले.